खारीसाठी ठासणीची बंदूक: चकमकीची घ्यावी की केपवाली?

आधीच सांगतो, दोन्ही वापरून झाल्यात. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची; केपवालीत छोट्या धातूच्या टोपीवर, म्हणजे केपवर, घोडा आपटला की बार होतो, चकमकवालीत दगडाच्या ठिणगीने. पाच सीझन केपवाली, त्यानंतर हा चौथा सीझन चकमकवाली, दोन्ही .32 कॅलिबरच्या, आणि शिकार सगळी आग्नेय ओहायोत, वेन नॅशनल फॉरेस्टच्या टेकड्यांमधे. त्यामुळे जे लिहितोय ते तिथल्या हिकरी-ओकच्या जंगलातलं आणि 20-25 पावलांच्या अंतरातलं आहे, हरणाच्या शिकारीला यातलं किती लागू पडेल माहीत नाही. आणि हो, हे सगळं अमेरिकेतलं, तिकडे भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा विषयच संपलेला आहे. कोकणात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची होती ती माकडं आणि डुकरं हाकलायला, तीही केपवालीच, म्हणून मी इथे पहिली घेताना फार विचार न करता तीच घेतली. आईला अजून हे पटलेलं नाही. रामाने पाठीवरून बोटं फिरवलेल्या खारीला मारतोस का म्हणते. इथल्या राखाडी खारीला पट्टे नसतात हे मी तिला तीनदा सांगून झालंय.

कॅलिबर, बॅरलची लांबी, लाकूड कुठलं, यावर भरपूर लिहिलेलं मिळेल, ते सोडतो. दोन्हीत 20 ग्रेन थ्री-एफ, म्हणजे बारीक दाण्याची दारू, पॅच, म्हणजे गोळीभोवतीची चिंधी, आणि 45 ग्रेनची गोल गोळी, म्हणजे खर्चात फरक जवळजवळ नाहीच. पौंडात 7000 ग्रेन, साडेतीनशे बार निघतात, एका माणसाला किती सीझन पुरतील तुम्हीच बघा, कारण ओहायोत लिमिट दिवसाला सहा खारींची आहे आणि आपण काही रोज सहा आणत नाही. नेमही दोन्हींचा सारखाच, चुकतो तो माझ्यामुळे.

केपवालीच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. शिकायला सोपी, पावसाळी हवेत जास्त भरवशाची, चाप ओढला की लगेच बार. शिवाय दारूचा प्रश्न कमी, कारण पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू तिच्यात चालते आणि ती बऱ्याच दुकानात मिळते. चकमकीला खरी काळी दारूच लागते, पर्यायी दारू त्या ठिणगीने नीट पेटतच नाही, आणि काळी दारू आमच्या गावात तरी कुठे मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागते, वर घातक मालाची वेगळी फी. 2021 ला गोएक्स या काळी दारू बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना बंद होणार म्हटल्यावर लोकांनी डबे साठवायला सुरुवात केली होती, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून निभावलं. अर्थात त्याच सुमाराला 11 नंबरच्या केपचीही बोंब होती, आणि चकमकीचा दगड खिशात दोन टाकले की झालं, तेव्हा हा मुद्दा कुठल्या बाजूला टाकायचा ते तुम्ही ठरवा.

आता माझं जिथे बिनसलं ते. ऑक्टोबरची सकाळ, हिकरीखाली बसलोय, वरून टरफलं पडतायत, टप टप, दोन तर माझ्या टोपीवर पडली. खार आडव्या फांदीवर, खोडाला चिकटून, मागे जाड बुंधा, म्हणजे गोळी पुढे कुठे जाईल याची काळजी नाही. यापेक्षा बरा चान्स वर्षात दोनदा मिळत नाही. नेम धरला, चाप ओढला, फट्. दिवाळीतली टिकली वाजावी तेवढंच. असं झालं की बंदूक लगेच खाली घ्यायची नाही, उशिरा बार होऊ शकतो, अर्धा-एक मिनिट रोखूनच धरायची, तर मी धरलीये आणि खार मान वाकडी करून माझ्याकडे बघतेय. दुसरी केप लावली, फट्. मग पिशवीतून पाना काढा, निपल, म्हणजे केप बसते ती पोकळ खुंटी, सोडवा, तार घाला, निपलच्या जागी दारूचे चार दाणे टाका, परत निपल आवळा, आणि हे सगळं थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, तोवर खार वरच्या फांदीवर जाऊन मला यथेच्छ शिव्या घालतेय.

कारण साधं आहे. माझ्यावालीत केपची आग निपलमधून खाली येते आणि काटकोनात वळून बारीक बोळातून दारूपर्यंत जाते. त्या बोळात रात्रीचं तेल उतरलं किंवा ओलसर काजळी बसली की संपलं. उपाय सगळे केले, नळी खाली करून ठेवली, निघताना गाडीपाशी दोन-तीन केप नुसत्याच वाजवल्या, तरी सीझनमधे चार-पाच वेळा हे व्हायचंच, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. केप चमकतेय, सगळं ठीक दिसतंय, आणि आत काय चाललंय देव जाणे. मला राग फुसक्या बाराचा नाही, तो आधी कळत नाही याचा आहे. आता बोळाची रचना प्रत्येक बंदुकीत वेगळी असते, तुमच्यावालीला हा त्रास होणारही नाही कदाचित.

चकमकवालीचे बार फुसके जात नाहीत असं अजिबात नाही, पहिल्या सीझनला जास्तच गेले. पण तिथे सगळं डोळ्यासमोर असतं. दगडाची धार गेलीये, दिसते. नळीशेजारच्या प्याल्यातली रंजक, म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी दारू, दवाने चिखल झालीये, दिसते, पुसा आणि नवीन टाका. आग प्याल्यातून बाजूच्या भोकातून सरळ आत जाते, भोक बुजलं तर त्यात तार फिरवा, दहा सेकंदाचं काम आणि पाना लागत नाही. धुक्याच्या दिवशी वर चामड्याचं टोपरं बांधायचं, त्याला इथले लोक काऊज नी म्हणतात, म्हणजे गाईचा गुडघा, का ते विचारू नका, पण त्या टोपऱ्याचा वाटा खारीचा नाही, चांगला अर्धा आहे.

हिची खरी अडचण म्हणजे तोंडासमोर होणारा भडका. पहिले कित्येक बार मी डोळे मिटूनच मारले असतील. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मधे नवीन पेटवणीचं पेटंट घेतलं तेच मुळात या भडक्यापायी, तो दिसला की पक्षी गोळी पोचायच्या आत सटकायचे, आणि त्याच वाटेने पुढे केप आली. खारीचं म्हणाल तर भडका बघून ती पळाल्याचं मला तरी दिसलेलं नाही, दचकतो मीच. याला सरावाशिवाय इलाज नाही, मी उन्हाळाभर घरामागे रिकाम्या बंदुकीत दगडाच्या जागी लाकडाचा तुकडा लावून चाप ओढत बसायचो, बायको खिडकीतून बघायची आणि काही बोलायची नाही. दगडाला धार काढणंही शिकावं लागतं, मला अजून धड येत नाही.

तर, पहिलीच ठासणीची घेत असाल, वर्षातून तीन-चारदाच जाणार असाल, तर केपवाली घ्या, काही चूक नाही. दर शनिवारी पहाटे जाणारे असाल आणि हाताने खुडबुड करायची आवड असेल तर चकमकवाली एकदा कोणाची तरी मागून मारून बघा. इंडियानात फ्रेंडशिप गावी सप्टेंबरमधे ठासणीवाल्यांचा मोठा मेळावा असतो, तिथे लोक हौसेने हातात देतात, मी माझी पहिल्यांदा तिथेच मारली.

केपवाली विकलेली नाही. पावसाच्या दिवसासाठी तेल लावून, नळी खाली करून ठेवलीये. यंदा पाऊस बऱ्याच शनिवारी झाला, ती अजून काढलेली नाही.