'लेजंड' पुन्हा बघायचा असेल तर कोणता घ्यावा?

रिडली स्कॉटचा 'लेजंड' ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांच्या डोक्यात दोनतीन गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात: पांढरे युनिकॉर्न, हवेत सतत तरंगणारे परागकण आणि लालभडक अंगाचा, प्रचंड शिंगांचा तो खलनायक, डार्कनेस. कथा बहुतेकांना आठवत नाही, आणि आठवण्यासारखी फारशी नाहीच. राजकन्या लिली रानात येते, युनिकॉर्नला हात लावते, त्या संधीचा फायदा घेऊन गॉब्लिन त्याचं शिंग कापून नेतात आणि जगावर हिवाळा कोसळतो. मग रानात वाढलेला जॅक थोड्या बुटक्यांना आणि पऱ्यांना घेऊन सगळं पूर्ववत करायला निघतो. सिनेमा भडक आहे, नाटकी आहे, आणि मला तो मनापासून आवडतो.

आता तो घरी नीट बघायचा ठरवलात, तर डिस्क शोधताना पहिल्यांदा कळतं की या नावाचे सिनेमे एकापेक्षा जास्त आहेत. अमेरिकेत १९८६च्या एप्रिलमध्ये लागलेला सिनेमा साधारण ८९ मिनिटांचा. त्याआधी, १९८५ साली ब्रिटनमध्ये आणि युरोपात लागलेला साधारण ९४ मिनिटांचा. आणि २००२ साली डीव्हीडीवर आलेला डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाच्या पसंतीची आवृत्ती, साधारण ११३ मिनिटांचा. फरक फक्त लांबीचा असता तर सरळ मोठा घ्या म्हटलं असतं. पण यांचं पार्श्वसंगीत वेगळं आहे, शेवट वेगळा आहे, आणि मुख्य म्हणजे चित्राचा दर्जाही सारखा नाही.

सगळ्यात मोठा फरक संगीताचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. या सिनेमाला मुळात जेरी गोल्डस्मिथने वाद्यवृंद आणि कोरस घेऊन संगीत दिलं होतं. त्यात गाणीही होती, जॉन बेटिसने लिहिलेली, आणि ती पडद्यावर लिलीच्या तोंडी होती. चाचणी खेळाला प्रेक्षकांचा प्रतिसाद थंड आला, तशी स्कॉटने कात्री चालवली. अमेरिकेपुरतं तर गोल्डस्मिथचं सगळं संगीतच काढून टाकलं गेलं आणि टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडकडून नवं करून घेतलं. तरुण प्रेक्षक येतील हा हिशोब त्यामागे होता. शेवटी जॉन अँडरसनच्या आवाजातलं एक गाणं आणि ब्रायन फेरीचं एक गाणं जोडलं. युरोपातल्या आवृत्तीत गोल्डस्मिथ टिकला, पण त्याच्या संगीताचीही बरीच काटछाट झाली.

तुमच्या लहानपणीच्या सिनेमात सिंथेसायझर होता की बासऱ्या आणि कोरस होता, हे आठवून पाहा. सिंथेसायझर आठवत असेल तर तुम्ही ८९ मिनिटांची आवृत्ती पाहिलेली आहे. अशा माणसाने एकदम डायरेक्टर्स कट लावला तर पहिल्या दहा मिनिटांतच खट्टू व्हायला होतं. चेहरे तेच, रान तेच, पण सिनेमा भलत्याच कुणाचा वाटतो. याउलट गोल्डस्मिथ ऐकत वाढलेल्याला अमेरिकी आवृत्तीतला सिंथेसायझर रानात घुसखोरी केल्यासारखा वाटतो. दोघांचंही बरोबर आहे. माझ्या मते टँजरीन ड्रीमचं संगीत वाईट मुळीच नाही. थंडी पडते त्या भागात तर ते छान जमलंय. पण ते सिनेमाच्या बाजूने चालतं. गोल्डस्मिथचं संगीत सिनेमाच्या आतून येतं, कारण लिली स्वतः गाते आणि तीच सुरावट पुढे वाद्यांत परत भेटत राहते. छोट्या आवृत्तीत ती गाणीच नाहीत.

एका प्रसंगापाशी मला जरा थांबायचंय, कारण निर्णय करायला तो एकटा पुरेसा आहे. डार्कनेसच्या किल्ल्यात अडकलेल्या लिलीसमोर एक काळा झगमगता पोशाख येतो, आणि तो नाचू लागतो. त्याला चेहरा नाही. अंगभर काळं, माथ्यापर्यंत झाकलेली नर्तकी आहे आत, पण दिसतो तो फक्त नाचणारा पोशाख. लिली आधी मागे सरते, मग तिची पावलं त्याच्या तालात पडू लागतात, गिरक्या जुळतात, आणि एका गिरकीत पोशाख तिच्या अंगावर आलेला असतो. ओठ काळे, गळा खोल, चेहऱ्यावर भलताच भाव. मिया साराचा हा पहिलाच सिनेमा, आणि ती इथे निव्वळ देहबोलीवर सगळं पेलते. गोल्डस्मिथने इथे वेड लागल्यासारखी वाढत जाणारी नाचाची धून दिली आहे. पावलं त्या धुनेवर बसलेली दिसतात, म्हणून मोहात ओढलं जाणं हळूहळू जाणवतं. छोट्या आवृत्तीत हाच नाच आहे, पण आखूड, आणि खालून वेगळंच संगीत वाहतंय. देखणा तरीही आहे, पण लिली का भुलली हे तिथे कळत नाही, फक्त ती भुलली एवढं समजतं.

त्यानंतर लगेच आरशातून डार्कनेस बाहेर येतो. डायरेक्टर्स कटमध्ये तोवर तो आपल्याला पूर्ण दिसलेलाच नसतो. आवाज ऐकलेला असतो, हात दिसलेला असतो. आधी खूर, मग मांडी, मग छाती, आणि मग ती शिंगं आरशाच्या चौकटीतून बाहेर पडतात तेव्हा घशाला कोरड पडते. अमेरिकी आवृत्ती मात्र सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर सरकवून जग समजावते आणि डार्कनेसचा चेहराही लगोलग दाखवून टाकते. लहान मुलांना ते आवडतं हे मान्य. खलनायक लवकर भेटतो, भीती पहिल्या मिनिटापासून चालू. पण आरशाच्या प्रसंगातली हवा जाते.

डार्कनेस झालेल्या टिम करीविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रॉब बॉटिनने, म्हणजे 'द थिंग'च्या मेकअपमुळे ज्याचं नाव झालं त्याने, करीला नखशिखांत लाल केलं. तो मेकअप चढवायला साडेपाच तास लागत आणि उतरवायला तासभर टबात बसावं लागे, म्हणजे डिंक सुटे. एकदा त्याने वैतागून तो घाईत ओढला तर स्वतःची कातडी सोलवटून घेतली. या मेकअपला ऑस्करचं नामांकनही होतं, पुरस्कार मात्र त्या वर्षी 'द फ्लाय'ला गेला. आणि एवढ्या थराखालून करी जो आवाज लावतो, ज्या चवीने एकेक शब्द घोळवतो, त्यासाठी कोणतीही आवृत्ती बघावी. या बाबतीत तिन्ही आवृत्त्या घसघशीत आहेत.

शेवटाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकी आवृत्तीत जॅक आणि लिली एकत्र निघून जातात. डायरेक्टर्स कटमध्ये लिली आपल्या घरी परतते आणि जॅक रानाचाच राहतो. मला दुसरा पटतो, कारण जिच्या एका स्पर्शाने एवढा अनर्थ झाला ती मुलगी शहाणी होऊन घरी जाते. तुम्हाला गोड शेवट हवा असेल तर तो पहिल्यात आहे.

आता चित्राचा दर्जा. इथे पारडं उलटं फिरतं.

डायरेक्टर्स कटची निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म, वापरायला मिळालेलीच नाही. २००० साली युनिव्हर्सल या स्टुडिओला चाचणी खेळाच्या लांबीची एक प्रिंट सापडली, गोल्डस्मिथच्या संगीतासकट, आणि तिच्यावरून ही आवृत्ती उभी राहिली. जिथे दोष होते तिथले काही तुकडे छोट्या आवृत्तीतल्या पक्क्या दृश्यांमधून घेऊन बसवले. प्रिंट म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली पुढची प्रत. तिच्यात सावल्या गच्च होतात आणि बारकावे मऊ पडतात, आणि नंतर कितीही उत्तम स्कॅन केला तरी जे प्रिंटवर उतरलंच नाही ते परत आणता येत नाही. किल्ल्यातले प्रसंग तर मुळातच अंधारे, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं.

८९ मिनिटांच्या आवृत्तीची गोष्ट वेगळी. ॲरो व्हिडिओने २०२१ साली काढलेल्या ब्लू-रेसाठी तिचं नव्याने रिस्टोरेशन झालं, त्यात मूळ निगेटिव्हचा ४के स्कॅन वापरला. फरक डोळ्यांना लगेच कळतो. पाइनवूड स्टुडिओच्या प्रचंड ००७ स्टेजवर आख्खं रान उभारलं होतं, ओढ्यासकट. त्या खोडांवरचं शेवाळ, लिलीच्या केसांमागून येणारा प्रकाश, युनिकॉर्नच्या आयाळीचे सुटे केस, सगळं निवांत बघता येतं. (हेच स्टेज २७ जून १९८४ला चित्रीकरण संपत आलेलं असताना जळून गेलं. जेवणाची सुट्टी होती म्हणून कुणाला इजा झाली नाही.) ॲलेक्स थॉमसनच्या छायाचित्रणासाठीच सिनेमा बघायचा असेल तर छोटी आवृत्ती, आणि ती याच डिस्कवर. सोबत डायरेक्टर्स कटही आहे, पण त्याला नव्या स्कॅनचा लाभ नाही.

थोडक्यात पेच असा: चांगलं चित्र छोट्या आवृत्तीला मिळालंय आणि चांगला सिनेमा मोठी आवृत्ती आहे. मी मोठीच्या बाजूने आहे. मऊ चित्राची सवय पंधरा मिनिटांत होते, कापलेल्या प्रसंगांची भरपाई कितीही धारदार चित्राने होत नाही.

जुन्या डिस्कांचं काय? २००२ची दोन डिस्कांची डीव्हीडी त्या काळात फार मोलाची होती, कारण हरवलेलं संगीत तिनेच सिनेमासह घरोघरी पोहोचवलं. आज मात्र मोठ्या टीव्हीवर ती थकलेली दिसते. डीव्हीडीत उभ्या दिशेला फार तर ४८० किंवा ५७६ रेषा, आणि या सिनेमाची चौकट २.३५:१ अशी लांबट असल्याने वर-खाली काळ्या पट्ट्यांत त्यातल्याही बऱ्याच वाया जातात. युनिव्हर्सलची २०११ची ब्लू-रे दोन्ही आवृत्त्या देते आणि स्वस्तात हाती लागली तर डायरेक्टर्स कटपुरती ती चालून जाईल. आधीपासून घरात असेल तर फक्त मोठ्या आवृत्तीसाठी नवी घेऊ नका. छोटी आवृत्ती लाडकी असेल तरच २०२१ची घ्या. ब्लू-रेला ए, बी, सी असे प्रदेश असतात, तेव्हा मागवण्याआधी आपला प्लेअर कोणता प्रदेश वाजवतो ते बघून घ्या.

जुनी कॅसेट जपून ठेवलेल्यांची भावना मला कळते, पण बघण्यासाठी ती नको. कॅसेटवर अशा रुंद सिनेमाचं चित्र बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी कापून जुन्या चौकोनी टीव्हीत बसवलेलं असे. हिशोब केला तर चौकटीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग उडतो. शेवटाकडे मंडळी भल्यामोठ्या ताटांवरून सूर्यप्रकाश परावर्तित करत करत डार्कनेसपर्यंत पोहोचवतात. कल्पना मुलांच्या खेळातली आहे, आणि म्हणूनच मला ती फार प्रिय आहे. पण प्रकाश या टोकाहून त्या टोकाला जातोय हे दिसायला चौकटीची दोन्ही टोकं शाबूत लागतात.

युरोपातली ९४ मिनिटांची आवृत्ती तेवढी उरली. लहानपणी तीच पाहिली असेल तर प्रेमापोटी जरूर शोधा. नव्याने बघणाऱ्याने तिच्या मागे लागू नये, तिच्यातलं बरंचसं चांगलं डायरेक्टर्स कटमध्ये अधिक ऐसपैस आहे. शोधताना एक खाचखळगा आहे. पाल, म्हणजे युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने पळतो, म्हणून ९४ मिनिटांचा सिनेमा तिथे ९० मिनिटांत संपतो. वेष्टनावर ९० वाचून ती अमेरिकी आवृत्ती समजू नका. मिनिटांपेक्षा संगीतकाराचं नाव बघा, ते फसवत नाही. स्ट्रीमिंगवर बघणार असाल तरी हेच करा. तिथे आवृत्तीचं नाव लिहिलेलं नसलं तरी कालावधी आणि सुरुवातीची श्रेयनामावली यांवरून लगेच उलगडा होतो.

मुलांना सोबत घेऊन बसणार असाल तर माझं मत बदलतं. मग ८९ मिनिटांचीच लावा. ती पळते, आणि संथ प्रसंगांत मुलं चुळबुळ करत नाहीत. दलदलीतली हिरवी चेटकीण मेग म्युकलबोन्स आणि किल्ल्यातलं स्वयंपाकघर दोन्हीकडे आहेच, तेव्हा फार लहान मुलांना घाबरायला होईल हे धरून चाला. मोठेपणी पहिल्यांदाच बघणाऱ्याने थेट डायरेक्टर्स कट घ्यावा. त्याला जॅक झालेला टॉम क्रूझ जरा अवघडलेला वाटेल. क्रूझला खरा स्टार करणारा 'टॉप गन' अमेरिकेत 'लेजंड'नंतर महिन्याभरात लागला, तोही रिडलीच्या भावाचा, टोनी स्कॉटचा. इथला क्रूझ अजून रानातलाच पोरगा आहे.

आणि ज्यांनी सिंथेसायझरवाला 'लेजंड' पाहून लहानपण घालवलंय, त्यांनी दोन्ही आवृत्त्यांची डिस्क घेऊन आधी छोटीच बघावी. ओळखीचे सूर, ओळखीचा शेवट, एकदा मनसोक्त होऊन जाऊ द्या. मोठी त्यानंतर आठवडाभराने लावा, त्याच रात्री नको. मधे दिवस गेले की तुलना करत बसण्याची खुमखुमी उतरते आणि लिली गायला लागली की तुम्ही नुसतं ऐकता.