एमएस२ कोट प्रोटीनचं आरएनए पुलडाउन किट : प्रोटीन अव्वल, माहितीपत्रक अपुरं

गोव्यात ताळगाव पठारावर असो की झुआरीनगरात, आरएनएला कोणती प्रोटीन्स चिकटतात हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेने हे किट घ्यायला हरकत नाही. डब्यात एमएस२ कोट प्रोटीन आणि माल्टोज-बाइंडिंग प्रोटीन (एमबीपी) यांचं जोडप्रोटीन ५०० मायक्रोग्रॅम, एमबीपीला धरणारे अमायलोजचे मॅग्नेटिक बीड्स (चुंबकाने ओढता येणारे मणी), पाचपट तीव्रतेचा बफर आणि शेवटी ती पकड सोडवायला १० मिलिमोलर माल्टोजचं द्रावण येतं. माल खरोखर चांगला आहे. माहितीपत्रक मात्र असं लिहिलंय, जणू आरएनए आणि प्रोटीन एका नळीत घातले की काम झालं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळल्याशिवाय पैसे वाया जातात.

एमएस२ हा ई. कोलाय या जिवाणूचा विषाणू. त्याचा जीनोम ३५६९ न्यूक्लिओटाइडचा आणि कवच जवळपास १८० कोट प्रोटीनचं, म्हणजे सुमारे ९० डायमरचं (दोन-दोन प्रतींच्या जोड्यांचं). आरएनएच्या प्रती काढणाऱ्या रेप्लिकेजच्या जनुकाच्या सुरुवातीला १९ न्यूक्लिओटाइडची एक हेअरपिन (आरएनए स्वतःवर दुमडून झालेला दांडा आणि टोकाचा लूप) आहे आणि तिच्यातच त्या जनुकाचा सुरुवातीचा एयूजी, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं तो कोडॉन, येतो. डायमर हेअरपिनवर बसला की रायबोसोमला तिथे जागा मिळत नाही, रेप्लिकेज बनणं थांबतं. पकड कशामुळे बसते ते पाहा. दोन मोनोमर मिळून दहा पट्ट्यांची एक बीटा-शीट तयार होते, तिच्यावर हेअरपिन आडवी पडते. लूपमधलं −४ क्रमांकाचं (एयूजीपासून मागे मोजलेलं) ॲडेनिन एका मोनोमरच्या खाचेत जातं, दांड्यातून बाहेर डोकावणारं −१० चं ॲडेनिन दुसऱ्या मोनोमरच्या तशाच खाचेत. −५ चा बेस टायरोसिन ८५ वर टेकतो. तिथे यू (युरॅसिल) च्या जागी सी (सायटोसिन) असला, म्हणजे लूप ए-यू-सी-ए असला, की पकड कितीतरी पटींनी घट्ट होते. आपल्या आरएनएला जोडायच्या या हेअरपिनचा टॅग मागवताना सी-वालाच मागवा. −१० चं ॲडेनिन काढून टाकलेली हेअरपिन जवळजवळ बसतच नाही, म्हणून कंट्रोलसाठी तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. किटमध्ये ती नाही, ही मोठी उणीव. ती वेगळी बनवून घ्यावीच लागते.

यावरून उघड आहे की प्रोटीन अक्षरक्रमासोबत घडीही ओळखतं. माहितीपत्रकात घडी घालण्याची पायरीच नाही! हेअरपिनचे दोन्ही हात एकमेकांना पूरक असल्यामुळे छोटा आरएनए दाट द्रावणात दुसऱ्या रेणूशीच जोडी लावतो आणि जेलवर सगळं ठीक दिसूनही पुलडाउन, म्हणजे बीड्सनी ओढून काढलेला माल, रिकामा येतो. छोट्या आरएनएला १ मायक्रोमोलरच्या खाली पातळ करून, मॅग्नेशियमविना, ९५ अंशांवर दोन मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फात घाला. मॅग्नेशियम थंड झाल्यावरच घाला, गरम असताना ते आरएनए तोडतं. लांब ट्रान्सक्रिप्टला ६५ अंशांवर पाच मिनिटं देऊन खोलीच्या तापमानाला सावकाश येऊ द्या. टॅगच्या तीन हेअरपिन एकमेकींशी जोड्या लावणार नाहीत इतकं अंतर त्यांच्यात सोडा.

दुसरी चूक प्रमाणाची. प्रत्येक नमुन्याला सरसकट २० मायक्रोग्रॅम प्रोटीन घाला असं लिहिलंय. जोडप्रोटीनचा डायमर साधारण ११२ किलोडाल्टनचा. तीन हेअरपिनच्या १० पिकोमोल आरएनएला ३० पिकोमोल डायमर, म्हणजे जेमतेम ३.४ मायक्रोग्रॅम लागतं. तिप्पट घातलं तरी १० मायक्रोग्रॅम. जादा प्रोटीन आरएनएविनाच बीड्सवरच्या जागा अडवतं. हिशेबाने वापरलं तर एका डब्यात २५ ऐवजी ५० नमुने होतात, आणि या किमतीला ते फार महत्त्वाचं आहे. आधी प्रोटीन आणि आरएनए एकत्र करा, नंतर लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस), शेवटी बीड्स. सोबत यीस्ट टीआरएनए ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर घातल्यास भलत्या प्रोटीन्सची गर्दी कमी होते. धुण्याच्या बफरमध्ये ट्रायटन किंवा ट्वीन सढळ हाताने घालू नका, एमबीपीची अमायलोजवरची पकड सुटू लागते.

बाइंडिंग 'खोलीच्या तापमानाला' करा, हे वाक्य गोव्यातल्या मे महिन्यासाठी लिहिलेलं नाही. तापमान वाढलं की हा बंध सैल होतो. ४ अंशांवर तासभर ठेवा. एकट्या प्रोटीन-आरएनए जोडीचा विघटन स्थिरांक (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) मोजायचा असेल, तर मात्र हे किट त्या कामाचं नाही. तो काही नॅनोमोलर असतो आणि आरएनए त्याच्याही खूप खाली ठेवावा लागतो, म्हणून किरणोत्सारी लेबल आणि नायट्रोसेल्युलोज फिल्टरच हवं. त्यासाठी १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८.५), ८० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम ॲसिटेटचा जुना बफर आजही उत्तम.

प्रोटीनची शुद्धता वाखाणण्यासारखी. हे जोडप्रोटीन ई. कोलायमधून काढताना जिवाणूचा आरएनए सोबत घेऊन येतं, आणि हेपारिन कॉलम वगळला तर तो तसाच राहतो. इथे २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर ०.६ च्या आसपास आहे. ते १ कडे झुकलं, तर जागा आधीच भरलेल्या आहेत असं समजा. एफजी लूप (कवच बांधताना डायमरना एकमेकांशी जोडणारा भाग) काढलेला प्रकार दिलाय, हेही बरोबर. तो कवच बांधत नाही, डायमरच राहतो.

मागवताना तारीख जपा. चवथीच्या सुट्ट्यांत पार्सल अडकलं तर बर्फ टिकत नाही. प्रोटीन ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असल्याने उणे २० अंशांवरही गोठत नाही, पावसाळ्यात तासभर वीज गेली तरी निभावतं. बीड्स मात्र ४ अंशांवरच ठेवायचे, एकदा गोठले की बाद. दोन्ही एकाच खोक्यात, एकाच ड्राय आइसवर आले असतील तर पार्सल तिथल्या तिथे परत पाठवा.