‘हॉटेल बंद है’ : रात्री उशिरा दिल्लीत उतरणाऱ्यांसाठी

उशिराच्या विमानाने दिल्लीला उतरून पहाडगंज किंवा करोलबागेतल्या हॉटेलवर जाणार असाल तर हे आधी वाचा. ‘हॉटेल बंद आहे’ असं भासवून भलतीकडे नेण्याची ही फसवणूक वर्षानुवर्षं जशीच्या तशी चालू आहे आणि चांगली शिकलेली, फिरलेली माणसंही तिच्यात अडकतात.

विमानतळाबाहेर टॅक्सी ठरते, भाडं रास्तच सांगतात. कॅनॉट प्लेस जवळ आलं की गाडी हळू होते. ‘‘आगे रास्ता बंद है, पहाड़गंज में झगड़ा हुआ है.’’ तुम्ही ठाम राहिलात तर ड्रायव्हर हॉटेलचं नाव विचारतो, स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावतो आणि स्पीकरवर टाकतो. ‘‘हॅलो, अमुक होटल?’’ अशी सुरुवात तोच करतो. पलीकडच्या साथीदाराला नाव कळतं ते तिथेच. मग तो रिसेप्शनवाला होऊन सांगतो की बुकिंग रद्द झालं, रूम शिल्लक नाही. आपल्या कानांनी ऐकलं म्हणून माणसाला खरं वाटतं. सोबत पेंगुळलेलं मूल असेल आणि आपल्या मोबाइलची बॅटरी संपत आली असेल, तर शंका घ्यायचंही त्राण उरत नाही.

पुढे गाडी एखाद्या ‘सरकारी टूरिस्ट ऑफिस’समोर थांबते. तिथे अव्वाच्या सव्वा दराने खोली किंवा सरळ आग्रा-काश्मीरचं पॅकेज गळ्यात मारतात; ड्रायव्हरचं कमिशन त्यातूनच निघतं. केंद्र सरकारचं पर्यटन कार्यालय 88, जनपथ इथे आहे आणि मध्यरात्री ते उघडं नसतं, एवढं ध्यानात ठेवा.

उपाय साधा आहे. हॉटेलला फोन आपल्याच मोबाइलवरून, आपणच आधी सेव्ह केलेल्या नंबरवर लावायचा. तो नंबर दिवसाउजेडी एकदा लावून पाहा, रात्री किती वाजता पोहोचणार ते कळवा आणि तेच मेसेजनेही पाठवून उत्तर घ्या. उशीर झाला की ‘आलेच नाहीत’ असं धरून खोली दुसऱ्याला देणारी हॉटेलं आहेत. तारखेचा घोळ तर फारच होतो: 15 तारखेला पहाटे 1 वाजता पोहोचणार असाल, तर बुकिंग 14 तारखेच्या रात्रीचं हवं.

प्रीपेड टॅक्सी घेतलीत तर पावती हॉटेलच्या दारात उतरल्यावरच ड्रायव्हरच्या हाती द्या. ती जमा केल्यावर त्याला पैसे मिळतात, म्हणून वाटेत मागितली तरी देऊ नका. रात्री 11 ते पहाटे 5 दरम्यान मीटरवर 25 टक्के जादा आकार अधिकृत आहे, त्यावरून वाद घालू नका. मोबाइलवर नकाशा चालू ठेवा आणि गाडीचा नंबर घरी पाठवा, तेही ड्रायव्हरला ऐकू जाईल असं बोलून.

खोलीत शिरल्यावर इंटरकॉम वाजला आणि ‘‘पेमेंट अडकलंय, कार्ड नंबर सांगा’’ म्हणाले, तर फोन ठेवून स्वतः काउंटरवर जा. अशा फोनवर कार्ड नंबर किंवा ओटीपी कधीही सांगू नका. ओळखपत्र म्हणून आधारची प्रत द्यायची झाली, तर शेवटचे 4 अंकच दिसणारी मास्क्ड प्रत चालते का ते विचारा.

गाडी भलतीकडे वळली तर 112 हा आपत्कालीन नंबर लावा. यूपीआयने किंवा कार्डावरून पैसे गेले असतील तर सकाळची वाट न पाहता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. रक्कम पुढच्या खात्यात वळायच्या आत गोठवता आली, तर परत मिळण्याची शक्यता जास्त असते.