शनिवारी बारा वाजता, बोर्नव्हिलच्या हिरवळीवर

मी ठाण्याची. आमच्या घरात 'कॅडबरीला उतर' म्हणजे हायवेवरच्या, चॉकलेटच्या कारखान्यावरून नाव पडलेल्या कॅडबरी जंक्शनला उतर. त्यामुळे बर्मिंगहॅमला राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी बोर्नव्हिल, म्हणजे कॅडबरी कंपनीनं इथे वसवलेल्या कारखान्याचं गाव, गाठलं होतं, पण तेव्हा फक्त चॉकलेटची सहल करून परत आले. गाव राहूनच गेलं. यंदा आई इकडे आली तेव्हा एक अख्खा शनिवार नुसत्या गावासाठी ठेवला. इकडे येणाऱ्या प्रत्येकाला माझं आता हेच सांगणं आहे: चॉकलेट बघा, खा, मुलांना खुशाल न्या, पण गावासाठी तीन-चार तास वेगळे काढा.

न्यू स्ट्रीट स्टेशनवरून क्रॉस-सिटी लाइनची लोकल घ्यायची. सेली ओकनंतरचं स्टेशन बोर्नव्हिल. स्टेशन जांभळ्या रंगानं रंगवलेलं आहे, आपण लहानपणी ज्या कागदाची घडी करून वहीत ठेवायचो ना, तोच जांभळा. शेजारून कालवा जातो. आम्ही उतरलो तेव्हा हवेत भाजलेल्या कोकोचा वास होता. आई फलाटावरच थांबली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या पोखरण रोडचा वास!" ठाण्यात कॅडबरीच्या कारखान्यामुळे त्या रस्त्यावर असाच वास यायचा. वास रोज येतोच असं नाही, वारा कुठला आहे त्यावर असतं. त्या दिवशी आमचं नशीब चांगलं होतं.

स्टेशनपासून गावाच्या मधल्या हिरवळीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालायचं, आईच्या पावलांनी वीस. रस्त्यांना झाडांची नावं आहेत: सायकॅमोर, मेपल, लिंडन, अकेशिया. लाल विटांची जोडघरं, पुढे कुंपणाची हिरवी रांग, मागे लांबट बाग. कॅडबरी बंधूंनी १८७९ साली कारखाना शहरातल्या कोंदट वस्तीतून इथल्या शेतजमिनीवर आणला. त्यानंतर १८९५ मध्ये जॉर्ज कॅडबरी यांनी शेजारची जमीन घेऊन घरं बांधायला सुरुवात केली. घरानं प्लॉटचा चौथा हिस्साच व्यापायचा, बाकी बाग, आणि बागेच्या टोकाला फळझाडं आधीच लावून द्यायची. पुढे १९०० साली त्यांनी ही सगळी मालमत्ता एका ट्रस्टच्या स्वाधीन केली. घरं फक्त कारखान्यातल्या कामगारांना मिळतील अशी अट ठेवली नाही. हे मला फार मोठं वाटतं. चाळीत वाढलेल्या आईनं एका फाटकापाशी उभं राहून बागेतलं सफरचंदाचं झाड बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "भाडेकरूला झाड?"

हिरवळीच्या मधोमध अष्टकोनी, उतरत्या छपराचं रेस्ट हाउस आहे. जॉर्ज आणि एलिझाबेथ कॅडबरी यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कामगारांनी वर्गणी काढून ते बांधलं, १९१४ साली. एका बाजूला दुकानांची रांग. तिथल्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) चहा मागितला तर कोमट पाण्यात पिशवी बुडवून दिली. दुसऱ्यांदा मागितल्यावर मात्र नीट उकळतं पाणी मिळालं. पब एकही दिसणार नाही. जॉर्ज कॅडबरी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, गावात दारू नको हा त्यांचा आग्रह होता आणि हिरवळीभोवती तो अजून पाळला जातो.

बरोबर बारा वाजता कॅरिलॉन, म्हणजे मनोऱ्यातल्या घंटांचं वाद्य, सुरू झाला. त्यासाठीच शनिवार निवडा. बारा आणि तीन या वेळा आहेत, तरी निघायच्या आधी एकदा खात्री करून घ्या. लिंडन रोडवरच्या प्राथमिक शाळेच्या मनोऱ्यात ४८ घंटा बसवलेल्या आहेत. जॉर्ज कॅडबरी यांनी बेल्जियममधल्या ब्रूज शहरात हे वाद्य ऐकलं, त्यांना ते इतकं आवडलं की १९०६ मध्ये त्यांनी आपल्या गावातल्या शाळेवर ते बसवून घेतलं. घंटा स्वतः हलत नाहीत. वर बसलेला वादक लाकडी दांड्यांवर मुठी मारतो, पायांनी पट्ट्या दाबतो आणि तारांनी जोडलेले लोलक आतून घंटेवर आपटतात. जोरात मारलं की सूर मोठा, हलकं मारलं की हलका. म्हणजे हे यंत्र वाजत नाही, माणूस वाजवतो, आणि ते ऐकताना कळतं. मोठ्या घंटेचा नाद विरायच्या आत बारक्या घंटा भराभर येऊन त्यावर बसत होत्या. आईनं डोळे मिटून घेतले होते. बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याचा पट्टा धरून बसले होते. संपल्यावर त्यांनी मनोऱ्याच्या दिशेनं हळूच टाळ्या वाजवल्या, वरच्या माणसाला ऐकू जाणार नाहीत हे माहीत असूनही.

तिकीट काढून बघायचं असेल तर मेपल रोडवरचं सेली मॅनर. काळ्या लाकडी सांगाड्याचं हे घर मूळचं इथलं नाही. साधारण मैलभरावर ते पडायला आलं होतं. जॉर्ज कॅडबरी यांनी १९०७ मध्ये ते विकत घेतलं, सुटं करवून इथे आणून पुन्हा उभं केलं आणि १९१७ मध्ये ते लोकांना खुलं झालं. त्याच्या नोंदी १४७६ पर्यंत मागे जातात. आतलं जुनं फर्निचर त्यांचे चिरंजीव लॉरेन्स कॅडबरी यांनी जमवलेलं. जमीन कुठे चढते, कुठे उतरते. तुळया इतक्या खाली की उंच माणसानं डोकं सांभाळावं. खिडकीतून पडणाऱ्या उजेडात एका तुळईवर तासणीचे घाव स्पष्ट दिसत होते, बोट फिरवावंसं वाटेल इतके.

तिथल्या बाईंनी सांगितलं की अशा घरांच्या सांगाड्यात काठ्या विणून त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा देत. मी भाषांतर करून सांगितलं तशी आई खुलली. "म्हणजे आपला कूडच की! माझ्या आजोळी स्वयंपाकघराला कुडाचीच भिंत होती." मग माती किती दिवस मळत ठेवायची, उंदीर पोखरू नयेत म्हणून काय करायचं, हे तिनं त्या बाईंना मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत. त्या बाई बाकीचे पाहुणे सोडून अर्धा तास आमच्याजवळ उभ्या होत्या आणि शेवटी त्यांनी 'कूड' हा शब्द आईकडून दोनदा म्हणवून घेतला.

जिना अरुंद आणि चढा आहे. गुडघे दुखत असतील तर खाली बसून राहा, तळमजलाही पुरेसा आहे. आई मात्र चढली. उतरताना एकेक पायरी बसून उतरली, आणि बाहेर आल्यावर तीनचं वादन ऐकायला परत हिरवळीवर चल म्हणाली.