चर्च झालेली रोमन देवळं: एकच सकाळ असेल तर कोणतं पाहाल?

रोममध्ये एक सकाळ मोकळी आहे आणि चर्च झालेलं प्राचीन देऊळ पाहायचंय, असं कुणाला विचारलंत तर बहुतेक जण पँथिऑनचं नाव घेतील. त्यात चूक काहीच नाही. पण देवळाचं चर्च होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायची ओढ असेल तर मी तुम्हाला आधी दुसरीकडे पाठवेन.

रोमन देऊळ म्हणजे देवाचं घर. मूर्ती गाभाऱ्यात, वेदी बाहेर पायऱ्यांपाशी आणि यज्ञाला जमलेली माणसं उघड्यावर. चर्चची रीत उलटी: माणसंही आत, वेदीही आत. मग एवढासा गाभारा पुरायचा कसा? प्रत्येक ठिकाणी याचं उत्तर वेगळं निघालं. निवड करताना मी तेच पाहते.

पँथिऑनला हा प्रश्न पडलाच नाही. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 125 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या घुमटाचा व्यास 43.3 मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. 609 साली पोप बोनिफेस चौथा याने ती सम्राट फोकसकडून मिळवली आणि मेरी व हुतात्म्यांच्या नावे तिचं चर्च केलं. मूळ रचनेला फारसा हात लावावा लागला नाही. वापरात राहिली म्हणून वास्तू टिकली, पण लूट चुकली नाही. 663 साली सम्राट कॉन्स्टन्स दुसरा याने छतावरचे कांस्याचे पत्रे काढून नेले. सतराव्या शतकात पोप अर्बन आठवा याने द्वारमंडपाच्या कांस्याच्या तुळया उतरवल्या आणि त्यातला बराचसा धातू तोफांसाठी ओतला. चर्चने सांभाळलेली वास्तू चर्चच्याच प्रमुखाने ओरबाडावी, याचं मला फार वाईट वाटतं.

फोरममधलं, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकातलं, अंतोनिनस आणि फाउस्टिना यांचं देऊळ पाहताना मात्र माणूस थबकतो. सम्राट अंतोनिनस पायसने 141 साली आपल्या दिवंगत पत्नीसाठी ते बांधायला घेतलं. 161 मध्ये तोही गेल्यावर दोघांची नावं एकत्र आली. शिलालेखात ती आजही वाचता येतात. सुमारे 17 मीटर उंचीचे दहा खांब उभे आहेत आणि त्यांच्यामागे सान लोरेंझो इन मिरांदा या चर्चचा सतराव्या शतकातला, बरोक या भपकेबाज शैलीतला दर्शनी भाग डोकावतो. चर्चचं दार बघा: देवळाच्या जोत्यापासून कितीतरी वर, अधांतरी. ते दार बसवलं तेव्हा जमीनच तिथवर आली होती. शतकानुशतकं माती साचत गेली आणि पुढे उत्खननात ती उपसली गेली. काळाची एवढी सरळ मोजपट्टी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. अडचण एकच. चर्च आतून पाहायला मिळेल याची खात्री धरू नका. बाहेरून पाहण्यासाठीच जा.

माझं मन मात्र सान निकोला इन कार्चेरे या चर्चवर आहे. मार्सेलसच्या रंगमंदिराजवळ प्राचीन भाजीबाजार होता आणि तिथे तीन देवळं खेटून उभी होती: जेनस, जुनो आणि आशेची देवता स्पेस यांची. चर्च बांधणाऱ्यांनी मधल्या जुनोच्या देवळाची जागा धरली आणि शेजारच्या दोन्ही देवळांच्या खांबरांगा आपल्या बाजूच्या भिंतींत चिणून टाकल्या. रस्त्यावरून चालताना एका भिंतीत साध्या माथ्याचे डोरिक खांब दिसतात, दुसरीत वळणदार माथ्याचे आयोनिक. एकट्या गाभाऱ्यात माणसं मावत नव्हती म्हणून तीन देवळांचे भाग जोडून एक चर्च झालं! तळघरात उतरलं की देवळांची जोती आणि मधली अरुंद गल्लीही दिसते. दर्शनी भाग जाकोमो देल्ला पोर्ताचा, 1599 चा. तो मला बेताचाच वाटतो.

जवळच बंदरांचा देव पोर्टुनस याचं देऊळ आहे. 872 साली त्याचं चर्च झालं तेव्हा द्वारमंडपाच्या खांबांमधल्या फटी बुजवून जागा वाढवली होती. विसाव्या शतकात ते सगळं उतरवलं. देऊळ सुरेख दिसतं, चर्चचा इतिहास मात्र पुसला गेला. हे योग्य झालं का, यावर माझं मन अजून ठरत नाही.

तर तासभरच हातात असेल, किंवा सोबत लहान मुलं असतील, तर पँथिऑन. जुलै 2023 पासून तिथे तिकीट आहे आणि प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तेवढं पाहून निघा. तीन तास असतील तर सान निकोलापासून सुरुवात करा, वाटेवर पोर्टुनस बघा, मग फोरम. तिथे फाउस्टिनाच्या देवळाहून थोडं पुढे एक एकटा खांब दिसेल. 608 साली उभारलेला तो खांब फोकसचा, ज्याने पँथिऑन पोपला दिलं त्याच सम्राटाचा.

आणि सहल पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या, रविवारी येत असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा आणि थेट पँथिऑन गाठा. त्या दिवशी प्रार्थनेनंतर घुमटाच्या मधल्या उघड्या झरोक्यातून गुलाबाच्या लाल पाकळ्या खाली सोडतात.