पंपाची वीज आणि पाणी मोजणारा जोडसंच: हंगामभराचा अनुभव

वीजमापक आणि प्रवाहमापक एकत्र असलेला हा संच मी सिंचनाच्या पंपावर पूर्ण हंगाम वापरला. एक घनमीटर पाणी ३० मीटर उचलायला सिद्धांताने सुमारे ०.०८ युनिट वीज पुरते. माझ्या पंपाला मात्र ०.२५ युनिट लागत होती, आणि तो आकडा पडद्यावर पाहून पोटात गोळा आला. फूटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या शोषण पाइपच्या टोकाची झडप) वर काढला, तर जाळीवर शेवाळ आणि गाळाचा बोटभर थर बसलेला होता. तो खरवडून झिजलेला इंपेलरही (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) बदलला, तेव्हा आकडा ०.१८ वर उतरला. केवळ महिन्याच्या बिलावरून हे कधीच कळले नसते, कारण बिलात वीज दिसते, उपसलेले पाणी दिसत नाही.

त्रुटी एक, पण मोठी. प्रवाहमापकाच्या आधी पाइपच्या व्यासाच्या साधारण दहापट लांबीचा सरळ भाग हवा. माहितीपत्रकात त्याचा उल्लेखच नसल्याने पाइपच्या बेंडजवळ (वळणाजवळ) बसवलेल्या मापकाने दोन आठवडे चुकीचे आकडे दाखवले.

पडद्यावरील ‘शेतीची एकूण ऊर्जा’ हे शीर्षकही बदलायला हवे, कारण डिझेल आणि नत्रखताच्या निर्मितीत खर्ची पडणारी मोठी ऊर्जा त्यात धरलेलीच नाही.