सौरपंपाच्या नावाखाली माझे ३६,९३५ रुपये गेले

मी अडाणी नाही. मोबाइलवरून रोज पैसे पाठवतो, तरी फसलो. कारण जुन्नर तालुक्यात शेतीपंपाची थ्रीफेज वीज रात्रीची येणं म्हणजे काय, ते इथल्यालाच ठाऊक. उसात बिबट्या बसलेला आणि आपण बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं. वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो लावला तरी पाण्याला दारावर माणूस लागतोच.

त्यामुळे सौर कृषीपंपाचा अर्ज भरलाच होता. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर ‘आपला अर्ज मंजूर’ असं पत्र आलं. वर राजमुद्रा, खाली सही-शिक्का. मग फोन. समोरचा स्वच्छ मराठीत ‘दादा, दादा’ करत होता. त्याने व्हिडिओ पाठवला : शेतात तीन एचपीचा पंप, पॅनेलवर ऊन, आणि एक म्हातारा ओट्यावर बसून मोबाइलवरून मोटर चालू करतोय. तिथेच माझं मन बसलं.

नोंदणीचे ५,६०० भरले. दोन दिवसांनी हिश्श्याचे २२,४८५. मग विमा आणि वाहतुकीचे ८,८५०.

दुसऱ्या वेळी स्कॅन केलं तेव्हा स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं. सरकारी खातं नाही, कंपनी नाही, साधं नाव-आडनाव. मी ते वाचलं. बायकोनेही वाचलं, म्हणाली, ‘अहो, हा कोण?’ मी म्हटलं, ‘अकाउंटंट असेल,’ आणि पिन टाकला. तो क्षण अजून झोपू देत नाही.

अरे, हिस्सा महावितरणच्या पोर्टलवरच भरायचा असतो! सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५. पुरवठादारही यादीतून आपणच निवडायचा. मला मात्र ‘कंपनी आम्ही ठरवली’ म्हणून सांगितलं, आणि मला ते सोयीचं वाटलं. कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेच्या खोट्या वेबसाइटींबद्दल केंद्राच्या मंत्रालयाने कितीदा सावध केलंय. पण ते आमच्या चावडीवर कोण लावतं?

पुढचा छळ वेगळाच. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, आधी ऑनलाइन तक्रार करा. बँकेत साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी होते तर म्हणाले, ‘तुम्ही स्वतः पिन टाकलाय ना?’ हो, टाकलाय. म्हणून चोर सुटला का? चार चकरा, दोन दिवसांची मजुरी बुडाली, हातात फक्त तक्रारीचा नंबर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासाला फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येतात. हे मला सहाव्या दिवशी कळलं. स्क्रीनशॉट पुसू नका, चोराशी भांडून त्याला सावध करू नका.

काल शेजारच्या वाडीतला एक पोरगा तेच पत्र घेऊन आला. सही तीच, रक्कम तीच, ५,६००. त्याने भरायच्या आधी मला दाखवलं, म्हणून लाज गिळून हे लिहितोय.